दुसरं बोलावणं

अर्धी आळी नवी लुगडी नेसून, केसाला तेल लावून दारामागं उपाशी बसली होती, आणि हे फक्त द्वारकाबाईला माहीत होतं.

बाकी घरादाराला वाटत होतं की लोकांनी पाठ फिरवली. हायवेच्या कडेला गाळ्यापुढं मांडव घातलेला, सतरंज्या अंथरलेल्या, सुरेखाच्या वांग्याच्या भाजीचं पातेलं झाकून ठेवलेलं, भट्टी लाल झालेली, आणि माणूस म्हणाल तर एक नाही. उसाचा एक ट्रकवाला येऊन चहा मिळंल का विचारून गेला. एक कुत्रं मांडवाच्या सावलीला झोपलं होतं, पण त्याला काही कुणी आवतण दिलेलं नव्हतं.

आवतण दिलं होतं ते आळीला, आणि निनोनं स्वतः फिरून दिलं होतं. निनो म्हणजे द्वारकाबाईची धाकटी सून. धाकटा आदिनाथ डॉक्टर व्हायला जॉर्जियाला गेला, डॉक्टरकी अर्ध्यात तिथंच टाकली आणि पाव भाजणाऱ्याची पोरगी लग्न करून शहागडला घेऊन आला. गावानं 'डॉक्टरसाहेबां'साठी हार आणून ठेवले होते. ते मग मारुतीच्या गळ्यात गेले. द्वारकाबाई आठ दिवस तोंड झाकून पडून राहिली, नवव्या दिवशी उठली, कारण म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती.

निनोला मात्र म्हशीनं धार काढू दिली. हा पहिला घाव. दुसरा घाव म्हणजे त्या दुधाचं ती काय करायची ते. ज्या घरात दूध उतू गेलं तर द्वारकाबाई चुलीवर पाणी शिंपडून हात जोडायची, त्या घरात ही बाई चांगलं घागरभर दूध मुद्दाम नासवायची, फडक्यात बांधून टांगायची, आणि तो गोळा पिठात भरून भट्टीत लावायची. भट्टी तरी कशी? ढाब्यावर तंदूर लावणाऱ्या कचरूकडून बांधून घेतलेली, कमरेएवढी खोल. निनो तिच्यात डोक्यापासून कमरेपर्यंत वाकून आतल्या भिंतीवर पीठ थापटायची. पहिल्या दिवशी अर्धं गाव मोबाईल घेऊन बघायला आल्तं.

"डोकं भट्टीत घालायला आईबापानं शिकवलं का तुला?" द्वारकाबाईनं विचारलं होतं.

"आईनं न्हाई. बापानं," निनो म्हणाली होती, आणि पुन्हा आत वाकली होती.

ती शहागडची बोली बोलायची, अगदी गोदावरीकाठच्या, गंगथडीच्या बाईसारखी, आणि मधूनच अशी एखादी शिवी हासडायची की सासरा धर्मराज जेवता जेवता उठून हात धुवायला जायचा. ह्या शिव्या हिला कोण शिकवतं, ते घरात कुणाला उलगडत नव्हतं.

तर खताची पोती ठेवायचा तो हायवेचा गाळा तिनं सासऱ्याकडून मागून घेतला, रंगवला, आणि आज दुकानाचं उद्घाटन. सुरेखा, म्हणजे थोरल्या कल्याणची बायको, तिच्याबरोबर हळदी-कुंकवाचं ताट घेऊन दारोदार फिरली. चूलबंद आवतण. म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, लहान-थोर सगळ्यांनी जेवायला यायचं. इथपर्यंत सगळं बराबर झालं.

पण शहागडात आवतण दिलं म्हणजे अर्धंच काम झालेलं असतं. पानं वाढायची वेळ झाली की घरच्या मोठ्या बाईनं पुन्हा दारोदार जाऊन सांगायचं असतं, चला, ताटं वाढलीत. ते दुसरं बोलावणं आल्याशिवाय उठून गेला तो हावरट. मग तो कितीही भुकेला असो, त्याच्या सात पिढ्यांची हावरटपणाची गोष्ट पुढची चाळीस वर्षं पारावर निघत राहणार. त्यापरीस माणसं उपाशी मरतील. निनोला हे कसं ठाऊक असावं? तिच्या देशात बोलावलं की लोक येतात, वेडीच माणसं.

आणि सुरेखाला द्वारकाबाईनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "बलावण्याचं मी बघते. तुम्ही पोरींनी त्यात पडायचं न्हाई."

आता ती ओसरीवर बसून वाती वळत होती. गुडघे दुखतात म्हणून ती मांडवाकडं गेलीच नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की सुनांपैकी कुणीतरी यावं आणि म्हणावं, आत्याबाई, तुमच्याशिवाय आमचं पान हलत न्हाई, तेवढं बलावणं करा. मग ती कण्हत उठणार होती. एवढं ऐकलं की तिला आणखी काही नको होतं. थोडा वेळ निनोला तळमळू द्यावं, मग जावं, असा तिचा साधा हिशेब होता.

सुरेखा आली ती पदर खोचलेला, कपाळावर घाम.

"आत्याबाई, बलावणं केलं ना?"

"करीन म्हणलं व्हतं."

सुरेखा दारात थांबली. "म्हंजे केलंच न्हाई?"

"गुडघा बघ कसा सुजला."

"मंग मी जाते ना जल्दी. भाजी गार होऊन राह्यली."

"तू गेलीस तर लोक काय म्हणतील? सासू मेली का ह्यांची?"

लग्न होऊन आल्यापासून सुरेखानं सासूपुढं मान वर केली नव्हती. निनो आली तेव्हा तर ह्या सासू-सुनेचं चांगलंच जमलं होतं, रोज संध्याकाळी निवडत बसायच्या आणि परकीण काय काय चुकली त्याची उजळणी करायच्या. आज मात्र सुरेखा म्हणाली, "पोरगी पहाटेपासून भट्टीपुढं उभी हाय. तुमचा गुडघा काल मेथी आणायला शेतात गेल्ता तवा बरा व्हता." आणि फणकाऱ्यानं निघून गेली. द्वारकाबाई वात हातात धरून बघत राहिली. हिला काय झालं? ही तर आपल्याकडची होती.

वात पुन्हा वळायला घेतली तोवर आदिनाथ आला. पांढरा सदरा, हातात मोबाईल, तोंड पडलेलं.

"झालं तुझ्या मनासारखं?" तो उंबऱ्यावर बसला. "एक माणूस आलं न्हाई."

"येतील की. जेवायला काय पहाटे येत्यात का लोक?"

"आता काय येतील. निनो म्हणती बस झालं. तिला परत जायचंय तिकडं, बापाकडं. मी पण जातो. तिकीट बघून राह्यलो."

"किती दिवस?"

"कायमचं, आई."

द्वारकाबाईच्या हातातल्या वाती ओसरीवर सांडल्या. तिला घाबरायला झालं. एकदा हा पोरगा गेला होता तेव्हा तिनं फोनवर त्याचं तोंड बघत दिवस काढले होते, आणि त्या फोनमध्ये तो नेहमी कुठल्यातरी गार खोलीत, अंगावर टोपीवाला कोट घालून, घाईत असायचा. पुन्हा तेच? कायमचं?

"ती असं म्हणली? तिच्या तोंडानं?"

"रडून राह्यली तिकडं," आदिनाथ मोबाईलकडं बघत म्हणाला.

द्वारकाबाई उठली. गुडघा आठवला नाही, चपला कुठल्या कुणाच्या ते बघितलं नाही. आदिनाथ मागून "कुठं चाललीस" म्हणत राहिला आणि ती आळीत शिरली.

पहिलं दार अंगद गुरुजींचं. गुरुजी बूट घालून, टोपी घालून, खुर्चीत सरळ बसले होते आणि बिस्किटाचा पुडा पाठीमागं लपवत होते.

"गुरुजी, चला. ताटं वाढलीत."

"बाई, आम्हाला वाटलं तुम्ही विसरल्या," गुरुजी म्हणाले. "लेकरं कवाची रडून राह्यली."

पुढच्या घरात बायका एकमेकींच्या वेण्यांत गजरे माळून, सोडून, पुन्हा माळून दमल्या होत्या. त्याच्या पुढच्या घरात नवरा-बायकोचं भांडण जुंपलं होतं, चूल पेटवायची की नाही ह्यावरून. राजानंदच्या म्हातारीला तर भोवळ आली होती, तिला गुळाचा खडा चारून भिंतीला टेकवून ठेवलेलं. प्रत्येक दारात द्वारकाबाई हात जोडून उभी राहिली, प्रत्येक दारात तिला तेच उत्तर मिळालं. येतो, येतो. आणि मग मागोमाग, "गयाबाई निघाल्या का?"

हा खरा काटा होता. गयाबाई तिची मोठी जाऊ, धर्मराजच्या वारलेल्या भावाची बायको, भाऊकीत सगळ्यांत थोरली. ती पंगतीला बसल्याशिवाय आळीत कुणी घास उचलत नाही. आणि ह्या दोघींचं बोलणं बंद होतं ते एका हिरव्या साडीवरून. कल्याणच्या लग्नात गयाबाईनं आहेर म्हणून ती साडी द्वारकाबाईला दिली. द्वारकाबाईनं ती पेटीत टाकली. पुढं गयाबाईच्या पोराचं लग्न निघालं तेव्हा पेटीतून घाईघाईनं एक साडी काढून आहेर केला, आणि भर मांडवात गयाबाईनं घडी उलगडली तर तीच हिरवी साडी, तोच पदराला पडलेला हळदीचा डाग. द्वारकाबाई देवाशपथ सांगत होती की चूक पेटीची आहे. त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या दारावरून जाताना आभाळाकडं बघत जायच्या.

गयाबाई ओट्यावरच बसली होती. अंगावर तीच हिरवी साडी. मुद्दाम नेसली होती, त्यात शंकाच नाही.

"जाऊबाई, चला. ताटं वाढलीत."

"कोणाची?"

"म्हंजे?"

"आवतण मला निनोनं दिलं. तिच्या हातचं कुंकू लागलंय मला. तू कोणाकडून आलीस, द्वारके?"

"तिच्याचकडून. सासू हाय मी तिची."

"हे मला आजच कळून राह्यलं." गयाबाईनं पाय पसरले. "दोन वर्षं झाली, पोरगी दुपारची माझ्या चुलीपुढं येऊन बसती. भाकर थापायला इथं शिकली. बोलायला इथं शिकली. पहिल्या वर्षी तिच्या मायचा फोन आला की इथं येऊन रडायची, तुझ्या घरात रडलं तर तू इचारतीस म्हणं, आता काय झालं हिला. आळीत तिला चहा पाजला न्हाई असं एक घर न्हाई. मला वाटलं बिचारीला सासूच न्हाई."

शिव्या कुठून येतात तेही द्वारकाबाईला आता उलगडलं. पण त्याचा राग आला नाही. लाज वाटली. आळीत सगळ्या घरांनी ह्या पोरीला चहा पाजला होता, आपण सोडून. एवढी सगळी दारं हिनं एकटीनं उघडली होती आणि आपण कडी लावून बसलो होतो.

"जाऊबाई, ती चाल्ली परत," द्वारकाबाई ओट्याच्या पायरीवर बसली. "आदीला घेऊन चाल्ली. तुम्ही आल्या न्हाईत तर कोणी घास घेणार न्हाई, आन् आज घास न्हाई घेतला तर दुकान आजच बसलं."

"म्हंजे सुनेसाठी न्हाई आलीस. पोरासाठी आलीस."

"हो."

"खरं बोललीस, बरं केलंस." गयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. सकाळपासून पोटात काही न्हाई माझ्या. तू अजून थोडी उशिरा आली असतीस तर मी हावरट तर हावरट म्हणून निघणारच व्हते." मग चपला घालता घालता थांबून म्हणाली, "पण निनो जायचं म्हणती हे मला काही बिलकुल पटत न्हाई. परवाच मला इचारत व्हती, पावसाळ्यात भट्टीवर पत्रा टाकू का कौलं."

पंगत बसली ती अशी की सतरंज्या पुरल्या नाहीत. हायवेवरचे ट्रकवाले गर्दी बघून थांबले, त्यांनाही बसवलं. धर्मराज, जो सकाळपासून खुर्चीत बसून गोदावरीच्या पुलाकडं बघत होता, तो उठून लोकांना हात धरून आत आणत होता. निनो भट्टीतून वर आली, तोंड लालभडक, भुवयांना पीठ, आणि मांडवभर माणसं बघून पाव हातात धरून नुसतीच उभी राहिली. गयाबाईनं तिला ओरडून एक खास शिवी दिली आणि सांगितलं, "बघत काय राह्यलीस, वाढ." निनो हसली, डोळे पुसले, पीठ सगळं डोळ्यांत गेलं.

पाव लोकांना आवडला की नाही ते एकदम कळलं नाही. "रबरावानी हाय," कल्याण म्हणाला आणि तिसरा घेतला. अंगद गुरुजींनी विचारलं की आत हे पांढरं, ताणल्यावर तुटत नाही ते काय. नासलेलं दूध आहे हे सांगायला सुरेखानं तोंड उघडलं होतं, द्वारकाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. खरवस आहे म्हणाली. गुरुजी खरवस म्हणून खात राहिले.

मग तिनं निनोला भट्टीमागं गाठलं.

"आता तर न्हाई ना जाणार?"

"कुठं?"

"तुझ्या बापाकडं. आदी म्हणला, तू तिकीट काढाया लावलंस."

निनोनं हातातली लोखंडी सळई खाली ठेवली. "मी? मी तर काहीच म्हणले न्हाई. आदीच आल्ता मघाशी. म्हणला, आईनं मुद्दाम लोकांना येऊ दिलं न्हाई, तिला तू गावात नकोस, चल आपण जाऊ. म्हणून रडत व्हते मी."

मुद्दाम लोकांना येऊ दिलं न्हाई, एवढं तर पोरानं खरंच सांगितलं होतं. द्वारकाबाईला खाली बघावंसं वाटलं. पण बाकीचं? दोघींनी एकदमच मान वळवली. आदिनाथ गल्ल्याच्या टेबलाशी बसून मोबाईलवर बोट फिरवत होता. दोघी बाया एकमेकींशेजारी उभ्या राहून आपल्याकडं बघतायत हे त्यानं पाहिलं, आणि मोबाईल हळूच उलटा ठेवला.

"इकडं ये," द्वारकाबाई म्हणाली.

तो आला. निनो हात पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

"मंग काय करू मी?" आदिनाथ हळू आवाजात म्हणाला. "बाहेर पडलं की जो तो इचारतो, डॉक्टरसाहेब, दवाखाना कधी टाकता. चहा प्यायला बसलं तरी एखादा जीभ बाहेर काढून दाखवतो. तिथं मला कोणी ओळखत न्हाई. तिथं मला बरं वाटतं."

पोराच्या आवाजात खरंच दुखणं होतं आणि ते द्वारकाबाईला लागलं. हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. तिला वाटलं, जवळ घ्यावं ह्याला, म्हणावं राहू दे बाबा, तुला जे करायचं ते कर.

"मला सांगायचं व्हतं ना तसं," निनो म्हणाली. "आईचं नाव कामून घेतलं? आईला माझं नाव कामून सांगितलं?"

आदिनाथ खाली बघत सदऱ्याची बाही दुमडू लागला.

"तू जा," ती म्हणाली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मी न्हाई येत. माझी भट्टी हाय इथं. गयाकाकू हाय. सुरेखाताई हाय. म्हैस हाय."

ती थांबली. द्वारकाबाईही थांबली होती, पुढं आणखी एक नाव येईल म्हणून. आलं नाही. यादी म्हशीवर संपली, आणि द्वारकाबाईला माहीत होतं की पोरगी बराबर बोलली.

"आई, सांग ना हिला काहीतरी," आदिनाथ म्हणाला. "नवरा-बायको एका जागी पाहिजेत का न्हाई?"

सकाळपासून, खरं तर तो परत आला त्या दिवसापासून, द्वारकाबाई ह्याच घडीला भीत होती. पोरगा हातचा जाईल म्हणून ती अर्ध्या गावापुढं हात जोडून आली होती. आता तो समोर उभा राहून तिच्याकडंच बघत होता, लहानपणी मार चुकवायला बघायचा तसा, आणि एक शब्द त्याच्या बाजूनं टाकला असता तर तो पुन्हा सगळा तिचा झाला असता.

"ही न्हाई जायची," ती म्हणाली. "हिचं दुकान हाय. तुला जायचं तर जा."

"एकटा?"

"ते तुझं तू बघ."

तिनं भट्टीच्या कडेला हात टेकला, चटका बसला, हात झटकला. पण शब्द मागं घेतला नाही. निनोनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं, मग वाकून आतल्या भिंतीवरचे पाव सळईनं सोडवले आणि गरम गरम तिच्या पदरात टाकले.

"त्या टोकाला आधी वाढा, आत्याबाई. ते ट्रकवाले कवाचे बसून राह्यले."

द्वारकाबाई पदर सावरत पंगतीत शिरली. मागं आदिनाथ उभा होता का निघून गेला, ते वळून बघायची तिची हिंमत झाली नाही, आणि पावही कमी पडत होते.